प्रात्यक्षिक कुणाच्या शिवारात?

दसरा-दिवाळीचा सुमार आला, सोयाबीनचे पैसे हाती पडू लागले आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की जालना जिल्ह्याच्या बाजारपेठांत दुचाकी वाहनांच्या विक्रेत्यांची लगबग सुरू होते. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा यांसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या मोकळ्या मैदानावर मंडप पडतो, ध्वनिक्षेपक गर्जू लागतो, नव्या गाड्या ओळीने मांडल्या जातात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कागद देऊन त्याचे नाव-गाव व फोन क्रमांक लिहून घेतला जातो. ज्याला इच्छा असेल त्याने गाडीवर बसावे, मैदानाला दोन फेऱ्या माराव्यात, भेटवस्तूंच्या सोडतीचे कूपन खिशात घालावे व घरी जावे, असा हा कार्यक्रम असतो. कोठे कोठे एखादा तरबेज चालक पुढचे चाक उचलून गाडी पळवून दाखवितो आणि कॉलेजातील मुले टाळ्यांचा कडकडाट करतात. सायंकाळी मंडप उतरतो. त्या दिवशी किती लोक आले, किती कागद भरले गेले, याचा अहवाल कंपनीकडे रवाना होतो आणि कार्यक्रम यशस्वी झाला असे ठरते.

हे यश कशाचे, असा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मैदानावर गाडी पाहून, तिच्यावर दोन फेऱ्या मारून, एखाद्या कुटुंबाने खरोखरच आपले मत बनविले, किंवा बनलेले मत बदलले, असे घडते काय? की जो घेणारच होता तो आला, ज्याला घ्यावयाची नव्हती तोही आला, आणि दोघांचीही नावे एकाच यादीत चढली?

हा प्रश्न केवळ कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा असता, तर त्याची चिकित्सा त्यांच्या हिशेबनिसांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु जालन्यासारख्या जिल्ह्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. शाळेवर जाणारा शिक्षक, तहसील कचेरीत वेळेवर पोहोचावयाचे असलेला कारकून, दुधाचे कॅन घेऊन पहाटे निघणारा शेतकऱ्याचा मुलगा, या सर्वांचे दिवसाचे गणित तिच्यावर उभे असते. घर आणि लग्नकार्य सोडले, तर मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंब एका वेळी जो सर्वांत मोठा खर्च करते त्यांपैकी हा एक होय. बहुधा तो कर्जाने केला जातो, आणि त्या कर्जाला जामीन म्हणून सही करण्यासाठी एखाद्या पगारदार नातलगालाच गाठले जाते. मृगाने तोंड फिरविले तरी हप्त्याची तारीख फिरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडून सरपण करण्याची पाळी बागायतदारांवर आली. ज्या प्रदेशाच्या मिळकतीचा भरवसा इतका चंचल आहे, तेथे खरेदीचा निर्णय कशाच्या आधारावर होतो याची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

गर्दी आणि गिऱ्हाईक

पहिली गोष्ट मोजमापाची. प्रदर्शनाला येणारा मनुष्य हा निवडून आलेला असतो; त्याची निवड त्याच्या स्वतःच्या इच्छेने आधीच झालेली असते. दसऱ्याला गाडी घ्यावयाची असे श्रावणातच ज्याने ठरविले, तो मंडपात हमखास येतो, गाडी चालवून पाहतो आणि महिन्याभराने ती विकतही घेतो. कंपनीच्या वहीत त्याची नोंद ‘प्रात्यक्षिकामुळे मिळालेला ग्राहक’ अशी होते. वस्तुतः मंडप पडला नसता तरी त्याने गाडी घेतलीच असती. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असे म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे.

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही चूक समजावून सांगावी लागत नाही. नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घ्यावयाचे झाले, तर त्याच शेतात, त्याच मातीत, त्याच पावसावर शेजारी जुना वाण पेरावा लागतो, हे त्याला पुरते ठाऊक आहे. तुलनेचा तुकडा नसेल तर नव्या वाणाला आलेले कणीस वाणामुळे आले की पावसामुळे, हे कोण सांगणार? परभणीचे कृषी विद्यापीठ काय किंवा खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र काय, शेतकऱ्याच्या शेतावर प्रात्यक्षिक घेताना शेजारच्या नेहमीच्या पद्धतीशी त्याचा ताळा पाहतात. मोटारसायकलच्या मेळाव्याला असा तुलनेचा तुकडा नसतो. घनसावंगीत मेळावा भरविला आणि जाफराबादेत भरविला नाही, तर हंगामाअखेर दोन्हीकडच्या विक्रीत फरक किती पडला, एवढी साधी तुलना जरी केली तरी पुष्कळ भ्रम दूर होतील.

गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, याचा एक मोठा दाखला देशपातळीवर घडून गेला आहे. २००७ साली भारत व अमेरिका यांच्यात एक गमतीदार वाटावा असा सौदा झाला: भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली आणि हार्ले-डेव्हिडसनच्या अवजड मोटारसायकलींना भारताची. आपला हापूस तिकडे गेला, त्यांची मोटारसायकल इकडे आली. २०१० पासून त्या गाड्या येथे विकल्या जाऊ लागल्या. या गाडीभोवती कुतूहल उदंड होते. ती रस्त्यावर उभी राहिली की भोवती माणसे जमत. परंतु दहा वर्षांनी, २०२० च्या सप्टेंबरात, कंपनीने येथील स्वतःचा कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिची वर्षाची विक्री अडीच हजारांपेक्षाही कमी होती. हे अपयश किमतीचे होते, करांचे होते, येथील रस्त्यांचेही होते. पण मुद्दा तोच आहे. लोकांनी पाहावे यासाठी जे लागते ते त्या गाडीत भरपूर होते. लोकांनी घ्यावे यासाठी जे लागते ते नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मेळाव्याचा अहवाल लिहिणारे त्यांची गल्लत करतात.

मैदानावर चाक उचलून दाखविणाऱ्या कसरतीची गतही याहून निराळी नाही. टाळ्या वाजविणारा विद्यार्थी वेगळा आणि पैसे मोजणारा त्याचा बाप वेगळा. मुलाच्या हट्टापायी काही गाड्या घरात येतात हे खरे. पण ज्या कसरतीने मुलगा मोहून जातो, तीच पाहून बापाच्या पोटात गोळा उठतो, हे विक्रेत्यांच्या ध्यानात येत नसावे.

बियाण्याच्या गावाचा धडा

प्रात्यक्षिकाने मन वळते की नाही, हे पाहावयाचे तर जालन्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. ‘सोने का पालना’ म्हणून मिरविणारे हे गाव गेली साठ वर्षे बियाण्यांची पेठ म्हणून ओळखले जाते. तिचा आरंभच मुळी एका प्रदर्शनातून झाला. १९५९ च्या सुमारास जालन्याचे बद्रीनारायण बारवाले दिल्लीचे कृषी प्रदर्शन पाहावयास गेले असता पुसा सावनी ही भेंडीची नवी जात त्यांच्या पाहण्यात आली. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला ती दाद देत नसे. त्यांनी तिचे बियाणे मिळविले, जालन्याला आणले आणि आपल्या शेतात लावून पाहिले. पुढे १९६४ साली महिको ही कंपनी निघाली, संकरित बियाण्यांचा व्यवसाय उभा राहिला, आणि १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

वरवर पाहता ही कथा प्रदर्शनाचे माहात्म्य सांगते असे वाटेल. परंतु थोडे थांबून पाहिले तर तिचा अर्थ निराळा निघतो. दिल्लीच्या मांडवात भेंडी पाहून कुतूहल जागे झाले. विश्वास बसला तो जालन्याच्या मातीत ती पिवळी न पडता फळली तेव्हा. प्रदर्शनाचे काम उंबरठ्यापर्यंत आणून सोडण्याचे होते. उंबरठ्याच्या आतले काम स्वतःच्या शेताने केले.

अमेरिकेतील शेतीविस्ताराचे जनक मानले जाणारे सीमन नॅप यांच्या ध्यानी हीच गोष्ट शंभरावर वर्षांपूर्वी आली होती. सरकारी आदर्श शेते पाहून शेतकरी माना डोलावीत आणि घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच पेरणी करीत. सरकारच्या पैशाने कोणीही उत्तम पीक काढील, असे त्यांचे म्हणणे असे, आणि ते चुकीचे नव्हते. तेव्हा १९०३ साली टेक्सासमधील टेरेल या गावी नॅप यांनी वेगळी वाट धरली. पोर्टर नावाच्या एका सामान्य शेतकऱ्याच्या शेतावर, त्याच्याच हातून, नव्या रीतीने पीक घ्यावयाचे. नुकसान झालेच तर गावातील व्यापाऱ्यांनी उभारलेल्या निधीतून ते भरून द्यावयाचे. निधीला हात लावण्याची वेळ आली नाही. पोर्टरला नफा झाला. आजूबाजूच्यांनी जे पाहिले ते सरकारचे शेत नव्हते, आपल्यासारख्याच माणसाचे होते. कानांनी ऐकलेल्यावर शंका घेता येते, डोळ्यांनी पाहिलेल्यावरही घेता येते, पण स्वतः हातांनी केलेल्यावर घेता येत नाही, असे नॅप यांचे सूत्र होते.

पुढे १९४३ साली ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकरित मक्याचे बियाणे या शेतकऱ्यांनी कसकसे स्वीकारले, हा त्याचा विषय. नव्या बियाण्याची वार्ता पहिल्याने कोणाकडून कळली असे विचारता सर्वाधिक जणांनी विक्रेत्याचे नाव घेतले. परंतु ते पेरावे असे कोणामुळे ठरले, या प्रश्नाला सर्वाधिक उत्तर आले ते शेजाऱ्याचे. वार्ता विक्रेत्याची आणि भरवसा शेजाऱ्याचा, ही कामाची वाटणी त्या अभ्यासाने प्रथम स्पष्ट केली. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. बियाणे चांगले आहे हे ठाऊक होऊनही शेतकऱ्याने पहिल्या वर्षी सगळे रान त्याखाली आणले नाही. थोड्या तुकड्यावर पेरून पाहिले, आणि पुरा पेरा त्याखाली येण्यास सर्वसाधारणपणे आणखी तीन-चार वर्षे गेली.

दोन गुंठे मोटारसायकल

नेमके येथेच मोटारसायकल आणि बियाणे यांच्या वाटा वेगळ्या होतात. बियाणे दोन गुंठ्यांत लावून पाहता येते. फसले तर दोन गुंठे गेले. बाकीचे रान शाबूत राहते. मोटारसायकल दोन गुंठे घेता येत नाही. ती घ्यावयाची तर पुरी घ्यावी लागते, आणि शोरूमच्या दारातून बाहेर पडताच तिची किंमत उतरते. म्हणून ग्राहक आपला प्रयोगाचा तुकडा अन्यत्र शोधतो, आणि तो त्याला शेजाऱ्याच्या अंगणात उभा असलेला दिसतो. शेजाऱ्याची दोन वर्षे वापरलेली गाडी हेच त्याचे खरे प्रात्यक्षिक.

या ग्राहकाचे प्रश्न काय असतात ते पाहावे. डबलसीट बसून, मागे खताची गोणी बांधून गाडी ॲव्हरेज किती देते? पावसाळ्यात पांदीच्या रस्त्याने जाताना काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसला तर चाक अडते काय? मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या मिस्त्रीला ती उघडता येते काय, की प्रत्येक वेळी जालन्यालाच न्यावी लागते? सुटे भाग मिळतात काय, आणि मिळाले तर अस्सल मिळतात काय? पाच वर्षांनी विकावयाची झाली तर किती येतील? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सपाट मैदानावरच्या दोन फेऱ्यांत मिळत नाही. तेथे कळते ती बैठक, ब्रेक आणि इंजिनाचा आवाज. याही गोष्टी क्षुल्लक नाहीत. उंचीने कमी असलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात की नाही, हे बसल्यावाचून समजणार नाही. परंतु निर्णयाचे ओझे त्यांच्यावर नसते.

आपल्याकडील दुचाकीचा इतिहासही हेच सांगतो. १९७० च्या दशकात बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळी कोणी कोणाला गाडी चालवून दाखविली नाही; वापरणाऱ्याचे चार शब्द हीच जाहिरात होती. पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल आली. एका लिटरला ८० किलोमीटर असा तिचा दावा होता. दाव्यावर विश्वास ठेवावा असा लोकांचा स्वभाव नव्हता. पण दावा तपासण्याजोगा होता. ज्याने गाडी घेतली त्याने पेट्रोल भरले, किलोमीटर मोजले आणि पारावर येऊन सांगितले. त्याच सांगण्यावर पुढच्या गाड्या खपल्या.

शेजाऱ्याच्या शब्दाचे सामर्थ्य किती, याची साक्ष जालन्यापासून साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगराने, तेव्हाच्या औरंगाबादने, २०१० च्या ऑक्टोबरात दिली. शहरातील उद्योजक, व्यापारी व व्यावसायिक यांच्या एका गटाने एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा तो व्यवहार देशभर गाजला. कंपनीने तेथे मांडव घातला म्हणून हे घडले नाही. एकाने दुसऱ्याला विचारले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून कंपनीशी व बँकेशी घासाघीस केली. मोटार महाग असो वा मोटारसायकल स्वस्त, मराठवाड्याच्या माणसाचा खरेदीचा रिवाज एकच आहे: आधी आपल्या माणसाला विचारावे.

प्रात्यक्षिकाचे खरे क्षेत्र

मग प्रात्यक्षिके सर्वस्वी निरुपयोगी समजावीत काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जेथे विचारावा असा शेजारीच नसतो, तेथे प्रात्यक्षिकाला अर्थ आहे. विजेवर चालणारी स्कूटर जेव्हा एखाद्या गावात पहिल्याने येते, तेव्हा तिच्याविषयी कोणाचाच अनुभव नसतो. ती चढ चढेल काय, घरच्या प्लगवर किती वेळात चार्ज होईल, असल्या शंका असतात. अशा वेळी वस्तू हाताळावयास मिळणे मोलाचे असते. पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही तेच. शोरूममध्ये चार माणसांदेखत गाडी हाती घेण्याचा जिला संकोच वाटतो, तिला मोकळ्या मैदानावर, घाई न करता, शिकविणाऱ्या बाईच्या सोबतीने गाडी चालवून पाहता आली, तर तिच्या मनातील भीती खरोखरच जाईल. वस्तू जातीने नवी असो वा ग्राहक नवा असो, तेथे प्रात्यक्षिक काम करते. जुन्या जातीच्या वस्तूचा नवा रंग दाखविण्यासाठी केलेले प्रात्यक्षिक हा निव्वळ उत्सव होय.

मात्र नव्या वस्तूच्या बाबतीतही त्याची मर्यादा विसरता येत नाही. २०२१ च्या जुलैत ओला इलेक्ट्रिकने ४९९ रुपये घेऊन स्कूटरची नोंदणी सुरू केली. एका दिवसात एक लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने सांगितले. नोंदविणाऱ्यांपैकी कोणी गाडी चालवून पाहिलेली नव्हती. ती सोय नोव्हेंबरात झाली. म्हणजे प्रात्यक्षिकावाचूनही लोक रांग लावतात. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरात ग्राहक हेल्पलाइनवर आलेल्या दहा हजारांहून अधिक तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कंपनीला नोटीस दिली. त्यांत दुरुस्तीसेवेच्या तक्रारी मोठ्या संख्येने होत्या. बहुतेक तक्रारी निकाली काढल्याचे कंपनीने पुढे सांगितले. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. नोंदणीच्या दिवशीच्या उत्साहात जे दिसले नव्हते, तेच मागाहून महत्त्वाचे ठरले. समजा, नोंदणीपूर्वी गाडी चालवून पाहावयास मिळाली असती, तरी दोन वर्षांनंतरची दुरुस्ती तीत दिसली नसती.

कंपन्यांना जर ग्राहकाचे मन खरोखर जिंकावयाचे असेल, तर प्रात्यक्षिक आपल्या मैदानावरून उचलून त्याच्या रस्त्यावर न्यावे लागेल. गाडी दोन फेऱ्यांऐवजी दोन दिवस त्याच्या हवाली करावी. त्याने ती आपल्या ओझ्यासह, आपल्या पांदीने, आपल्या पेट्रोलवर चालवून पाहावी. तीच गाडी दोन-तीन वर्षे वापरणाऱ्या गावातील चार जणांना बोलावून त्यांना मोकळेपणाने बोलू द्यावे; तक्रारी निघाल्या तर निघू द्याव्यात. सजविलेल्या मंचाशेजारी एक साधे टेबल मांडून गावच्या मिस्त्रीसमोर इंजिन उघडून दाखवावे. आणि हप्त्यांचा कागद ठळक अक्षरांत, एकूण व्याजासह, भिंतीवर लावावा. यांतील कोणतीही गोष्ट ध्वनिक्षेपक व कसरतपटू यांच्यापेक्षा महाग नाही. ती टाळली जाते, कारण तीत गाडीची परीक्षा होते. मेळाव्यात परीक्षा होत नाही, केवळ दर्शन होते.

सुशिक्षित वर्गावरही येथे एक जबाबदारी येते. गावात गाडी घेताना ज्याचा सल्ला विचारला जातो, तो बहुधा शिक्षक असतो किंवा कचेरीतला नोकरदार. कर्जावर जामीन राहणाराही तोच. मंडपातल्या सोडतीच्या कूपनाकडे बोट दाखवून ‘घेऊन टाका’ म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी, हीच गाडी वापरणाऱ्या दोघांना भेटा, गॅरेजात विचारा, आणि पाऊस न पडला तर हप्ता कोठून भरणार ते आधी ठरवा, असे सांगणारा माणूस त्या कुटुंबाचा खरा हितचिंतक होय.

बियाण्याच्या पिशवीवर कितीही रंगीत कणीस छापलेले असले, तरी पेरणाऱ्याची नजर शेजारच्या बांधापलीकडे जाते. तेथे जे उगवले असेल त्यावर तो पुढच्या वर्षीची पेरणी ठरवितो. मोटारसायकल विकणाऱ्यांनी मंडपाचा खर्च मंजूर करण्यापूर्वी त्या बांधापलीकडे, आपण पूर्वी विकलेल्या गाड्यांचे काय झाले आहे, तेवढे एकदा पाहून यावे.